शोक, करुण आणि विषण्णता

सर्वांत विषण्ण करणारे पुस्तक कोणते, हा प्रश्न मृत्यूंच्या मोजदादीने सुटणारा असता, तर उदगीरच्या वाचकाला उत्तरासाठी फार थांबावे लागले नसते. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले ते याच परिसरात. आणि वर्ष पुरे होण्याआधी, १४ जानेवारी १७६१ रोजी, भाऊंच्या फौजेचा पानिपतावर संहार झाला. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. तरीही ती वाचून तो हळहळतो, खचत नाही. तेथे पराभवालाही भव्यतेचे वलय आहे, आणि शोकाचे करुणात रूपांतर व्हावे इतके अंतर काळाने निर्माण केले आहे.

रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त (१९७१) हे अंतर नाही. लातूर जिल्ह्यातील काटगावच्या या लेखकाने सांगितली ती खेड्यातल्या एका शिंप्याच्या संसाराची वाताहत. निवेदन शिंप्याच्या बायकोचे आहे, आणि ते मराठवाडी बोलीत आहे. दूरच्या वाचकाला ही बोली कादंबरीचा वाङ्मयीन गुण वाटते. उदगीरच्या वाचकाला तो शेजारच्या ओसरीवरून येणारा आवाज वाटतो.

अभिनवगुप्ताच्या विवेचनानुसार भावाचे साधारणीकरण झाले की तो ‘माझा’ वा ‘त्याचा’ उरत नाही; म्हणूनच शोकही आस्वाद्य ठरतो. ‘पाचोळा’ वाचताना या वाचकाच्या ठायी ही प्रक्रिया अर्ध्यावर अडते. दुःख कोणाचे, याचा त्याला विसर पडत नाही. घरातून प्रथमच एम. ए.पर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्याने ‘ग्रामीण कादंबरीची वैशिष्ट्ये’ या प्रश्नाचे उत्तर लिहायचे, ते आपल्याच घराकडे परक्याच्या नजरेने पाहून.

रससिद्धान्ताच्या कसोटीवर असा वाचक अपुरा ठरतो. सहृदयाकडून अपेक्षिलेली तटस्थता त्याच्यापाशी नसते. परंतु येथे उणीव वाचकाची नसून कसोटीची आहे. करुणाचा आस्वाद घेता येतो. विषण्णता सोसावी लागते. पुस्तक मिटल्यावरही ज्याचे दुःख मिटत नाही, त्या वाचकाचा अनुभव समीक्षेने रसभंग म्हणून बाजूला सारला, तर ‘पाचोळा’ ज्यांच्याविषयी लिहिली गेली त्यांचेच वाचन तिच्या हिशेबातून गळून पडेल.