भाईंदरची खाडी

भाईंदर पश्चिमेच्या धक्क्यावर सायंकाळीं फिरावयास जाण्याचा माझा बऱ्याच वर्षांचा परिपाठ आहे. समोर वसईचा किनारा, डावीकडे समुद्र, उजवीकडे रेल्वेचे पूल, आणि मागें मिठागरांवरून येणारा खारा वारा. गर्दीला विटलेल्या जीवास येथें घटकाभर विसांवा मिळतो.

या खाडीनें पुष्कळ प्रवासी पाहिले. बी. बी. अँड सी. आय. कंपनीचा लोहमार्ग ही खाडी ओलांडून सन १८६४ सालीं मुंबईस ग्रँट रोडपर्यंत पोहोंचला. ता. १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून बॅक बेपर्यंत रोज एक गाडी जाऊं लागली. सन १९३६ मध्यें विरारपर्यंत विजेची गाडी आली. सन १९५१ मध्यें पश्चिम रेल्वे स्थापन झाली व कंपनीचें नांव मागें पडलें. त्या एका गाडीच्या जागीं आतां पुलावरचा खडखडाट क्षणभर थांबत नाहीं.

परंतु खाडी एका पुलानें नव्हे, दोन पुलांनीं ओलांडली जाते, व त्यांच्या मध्यें पाणजू नांवाचें गांव आहे, हें गाडींतील किती जणांच्या ध्यानांत असतें? रूळ बेटावरून जातात. स्टेशन मात्र तेथें नाहीं. गांवकऱ्यांस नायगांव गांठण्यास होडी लागते. होडी चुकली म्हणजे कित्येक जण जीव मुठींत धरून रुळांच्या कडेनें पुलावरून चालतात.

गाडी खाडीवर आली कीं दारांतील मंडळी निर्माल्य व नारळ खालीं भिरकावतात. मींही वर्षानुवर्षें हेंच केलें. निघतांना कुटुंब पिशवी हातीं देई. पूल आला कीं मी ती सोडून नमस्कार करीं, आणि एक कर्तव्य उरकल्याचें समाधान मानीं. सन २०२५ च्या सप्टेंबरांत गाडींतून फेकलेला नारळ लागून पुलावरून चालणाऱ्या पाणजूच्या एका तरुणाचा प्राण गेला. तें वर्तमान वाचलें त्या दिवशीं आम्हां उभयतांस अन्न गोड लागलें नाहीं. फेकणारा मी नव्हतों. पण मीच कां नसावा, याचें उत्तर मजपाशीं नव्हतें.

नारळीपौर्णिमेस कोळी बांधवही सागरास नारळ देतात. परंतु पाण्यापाशीं जाऊन, आपल्या हातानें. देवास वाहिलेलें पायदळीं येऊं नये, एवढ्याचसाठीं आपले वाडवडील निर्माल्य निराळें ठेवीत. तो हेतु धांवत्या गाडींतून साधतो काय? आमच्या घरीं आतां फुलें गॅलरींतील तुळशीच्या कुंडींत खत होतात, व नारळ फोडून प्रसाद वाटला जातो. देवघरांत कांहीं उणें पडलें नाहीं.

या धक्क्यावरून वसईस वाहनांसह माणसें नेणारी रो-रो बोट सन २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झाली. परवां कुटुंबासह बोटीची वाट पाहात उभा असतां पुलावर एक मनुष्य डोक्यावर गांठोडें घेऊन चाललेला दिसला. गाडी आली, तसा तो कडेला अंग चोरून उभा राहिला. शेवटचा डबा निघून जाईपर्यंत आम्हां दोघांची दृष्टि त्याच्यावरून हलली नाहीं.