वैराच्या वाटेने आलेलं पोलाद

भिलाईच्या वैशाली नगरात राहणाऱ्याला शीतयुद्ध पुस्तकात शोधावं लागत नाही. हे शहरच त्या काळात घडलं. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला. तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि आपली राजधानी होती नागपूर. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच सुमारास राउरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या मदतीने उभं राहत होतं.

ही सगळी मदत केवळ मायेपोटी आली, असं मला वाटत नाही. भारत समोरच्याच्या गोटात जाईल, ही धास्ती अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघांच्याही गोटात होती. बोकारोच्या पोलाद कारखान्याच्या वेळी ती उघड झाली. सरकारी मालकीच्या कारखान्याला पैसा द्यायला अमेरिकी काँग्रेसमध्ये विरोध झाला, 1963 मध्ये नेहरूंनी विनंती मागे घेतली आणि पुढे ते कामही सोव्हिएत संघाकडे गेलं.

पण माणसामाणसांतलं शिकणं खरं होतं. भट्टीची धग सोसत रशियन तंत्रज्ञ आणि आपले कामगार शेजारी उभे राहिले. आपले इंजिनिअर तिकडे झापोरिझ्झियाच्या पोलाद कारखान्यातही शिकून आले. ते शहर युक्रेनमधलं. सोव्हिएत संघ 1991 मध्ये विरला आणि 2022 पासून त्याच शहरावर रशियाचे हल्ले होत आहेत. ज्यांनी एकत्र येऊन आपल्याला पोलाद शिकवलं, ते आज एकमेकांच्या जिवावर उठले आहेत, याचं मला मनापासून दुःख होतं.

याच कारखान्यात घडलेला रेल्वेचा रूळ जवळून पाहावा. त्याच्या मधल्या उभ्या पट्टीवर कारखान्याची खूण आणि वर्ष उठावाच्या अक्षरांत असतं. त्यावर कोणत्याही गोटाचं नाव नसतं. मित्रराष्ट्र मोडलं तरी रूळ घडत राहिले, कारण ती विद्या इथल्या हातांत मुरली होती.

आज अमेरिका आणि चीन एकमेकांकडे त्याच संशयाने पाहतात, आणि आपण कोणाच्या बाजूचे हे पुन्हा विचारलं जातं. भिलाईने दिलेलं उत्तर मला आजही पटतं: विद्या कोणाकडूनही घ्यावी, त्याचं वैर मात्र घेऊ नये.