नवी स्प्रिंग आणि तिची बैठक

मोटारसायकलच्या पुढील फोर्कमध्यें नव्या स्प्रिंगा घातल्या म्हणजे काम संपलें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्या स्प्रिंगांची स्वाराच्या वजनाशीं सांगड घालणें हें खरें काम त्यापुढेंच असतें.

तर्कसंग्रहांत संस्काराचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार सांगितले आहेत. दाबलेली वस्तु पूर्वस्थितीस येते ती ह्या तिसऱ्यामुळें. रॉबर्ट हुक ह्यानें १६७८ सालीं त्याचें प्रमाण प्रसिद्ध केलें: स्प्रिंग जितकी दाबावी तितका तिचा प्रतिकार वाढतो. हें प्रमाण तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास व त्यांची संख्या ह्यांवर ठरतें. तो त्या स्प्रिंगचा स्वभावच होय.

आमचे चिरंजीव नव्या स्प्रिंगा घालून वरचे स्क्रू पिळूं लागले, तेव्हां ह्यानें काय साधणार, असें आम्हीं विचारलें. "फोर्क आणखी कडक होईल, बाबा," असें उत्तर आलें. सूनबाई रोज त्याच गाडीवर मागें बसून कचेरीस जातात. तेव्हां गप्प राहणें आम्हांस प्रशस्त वाटेना. स्क्रू पिळल्यानें स्प्रिंग आधींच थोडी दाबली जाऊन गाडी तेवढी वर उचलली जाते. तिचा ताठपणा होता तेवढाच राहतो.

मग मोजमाप केलें. चाक अधांतरीं उचलून फोर्कची चकचकीत नळी किती उघडी राहते तें पाहिलें. नंतर चिरंजीवांस पाय वर घेऊन बसविलें, गाडी सरळ धरली व पुन्हां मोजलें. सीलच्या घर्षणानें आंकडा बदलतो, म्हणून एकदां फोर्क दाबून हळूच वर येऊं दिला, एकदां उचलून हळूच खालीं बसूं दिला, व दोहोंची सरासरी घेतली. एकूण चाल १२० मिलिमीटर. बैठक अवघी २२! रस्त्यावरील गाडीस चालीच्या चतुर्थांशापासून तृतीयांशापर्यंत, म्हणजे ३० ते ४० मिलिमीटर, बैठक असावी. ती नसेल तर खड्डा येतांच चाकास खालीं उतरण्यास वाव राहत नाहीं. तें क्षणभर अधांतरीं राहतें, आणि अधांतरीं चाकास ब्रेक काय करणार? बैठक फाजील असल्यास ब्रेक लावतांना फोर्क तळास आदळतो. अखेर स्क्रू पिळण्याऐवजीं १० मिलिमीटर सैल केले.

स्वारासह बैठक योग्य, परंतु रिकामी गाडी मुळींच बसत नाहीं, असें आढळल्यास स्प्रिंग मऊ असून स्क्रूनें तिचें उणें झांकलें आहे असें समजावें. तेथें स्प्रिंग बदलणें हाच उपाय.

तेलाची पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून मोजावी व दोन्ही नळ्यांत सारखी ठेवावी. कारण वर कोंडलेली हवाहि शेवटच्या टप्प्यांत स्प्रिंगचेंच काम करते. हें सर्व झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर मंद गतीनें ब्रेक लावून पाहावा, आणि मगच घरच्या माणसास मागें बसवावें.