हवा कुणाच्या वजनाची?

माझ्या मुलाची सायकल दोन महिने जिन्याखाली साखळीने बांधलेली होती. बांधली मीच होती, आणि कुलपाची किल्ली माझ्या शाळेच्या बॅगेत असायची.

मुलगा अकरावीत आहे. ईदीचे साठवलेले पैसे आणि बाकीचे मोठ्या मामूंनी घातलेले, असं करून त्याने एक जुनी माउंटन बाइक घेतली. पुढे शॉक, मागेही शॉक. आम्ही कोंढव्यात राहतो. बोपदेव घाटाच्या बाजूला टेकड्या आहेत, तिथे रविवारी फजर झाली की ही पोरं निघतात. डिसेंबरातल्या एका रविवारी जेमतेम फूटभर उंचीच्या दगडावरून उतरताना मागचं चाक उसळलं आणि हा हँडलवरून पुढे फेकला गेला. उजव्या मनगटाला फ्रॅक्चर, तीन आठवडे प्लास्टर.

दवाखान्यात त्याच्या मित्रांसमोर मी त्याला जे बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. त्याने एवढंच सांगितलं, "अब्बू, मी जोरात नव्हतो. मागून कुणीतरी सीट वर फेकल्यासारखी झाली." मी म्हणालो, बहाणे मला शिकवू नकोस. इतकी वर्षं वर्गात उभा आहे, बहाणा मला ओळखू येतो, अशी माझी समजूत होती. त्याच्या अम्मीचं म्हणणं होतं, विकून टाका. मी विकली नाही, पण बांधून ठेवली.

आमच्या अब्बांचं भवानी पेठेत सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढणं, रिमचा आऊट काढणं, छर्रे बदलणं, आणि तासावर सायकली भाड्याने देणं. आता ते दुपारी जिन्यापाशी खुर्ची टाकून बसतात. फेब्रुवारीत एकदा मी शाळेतून आलो, तर ते त्या बांधलेल्या सायकलची सीट हाताने दाबून बघत होते. मला म्हणाले, "ये हवा किसके वजन की है?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं, दुकानात दूधवाल्याच्या सायकलला ते वेगळी हवा भरायचे आणि शाळेच्या पोराच्या सायकलला वेगळी. दोन्ही बाजूंना कॅन लावणाऱ्याची हवा पोराच्या सायकलमध्ये भरली, तर पोरगा प्रत्येक खड्ड्यात उडणार. "पोरे को चिल्लाने से पहले गाडी देखना था."

मुलाला विचारलं, आधीचा मालक कसा होता? म्हणाला, चांगला धिप्पाड. माझा मुलगा ५४ किलोचा.

त्या रात्री आम्ही दोघांनी मोबाइलवर त्या शॉकचं माहितीपत्रक वाचलं. मागच्या शॉकमध्ये स्प्रिंग नसते, हवाच असते. तीच स्वाराला पेलते. स्वार नुसता बसला की शॉक थोडा दबला पाहिजे. या दबण्याला सॅग म्हणतात. मला वाटायचं, जितका कमी दबेल तितका शॉक चांगला. पण खड्डा आला की चाकाला खालीही जाता आलं पाहिजे, आणि आधीच थोडं दबलेलं चाकच खाली जाऊ शकतं. आमच्या शॉकचा दांडा ५० मिलिमीटर सरकतो. त्याच्या ३० टक्के, म्हणजे १५ मिलिमीटर, एवढा तो बसल्यावर दबायला हवा.

हवा मोजायला वेगळा पंप लागतो. बारीक नळीचा, ३०० पीएसआयपर्यंत काटा असलेला. शॉकमधली जागा एवढीशी असते की टायरचा पंप तिथे कामाचा नाही. त्याआधी मी गाडी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली होती. त्याने कंप्रेसर लावायला साफ नकार दिला, आणि बरंच केलं. शेवटी मुलाच्या मित्राकडून पंप आणला.

पंप लावला, काटा १९० वर. काढला, तर फुस्स आवाज आला. हवा गेली वाटून पुन्हा लावला, आता १८०. तिसऱ्यांदा १७०. मी घाबरलो. मुलगा हसायला लागला. काढताना जी फुस्स होते ती नळीतली हवा. शॉकमधली हवा कमी होते ती लावताना, कारण तेवढी नळीत शिरते. म्हणजे आधी खरी हवा किती होती, हे आम्हाला आता कधीच कळणार नव्हतं. १९० हून जास्त, एवढंच.

मग मोजणी. त्याने हेल्मेट, बूट आणि पाण्याची बॅग असं सगळं अंगावर घेतलं, कारण सगळ्यासकट वजन मोजायचं. ५८ किलो. तो सीटवर बसला, मी मागून सायकल धरली, त्याचा एक हात माझ्या खांद्यावर. दांड्यावर एक रबरी रिंग असते, ती वर सरकवून ठेवायची, स्वाराने हिसका न देता बसायचं आणि तसंच अलगद उतरायचं. रिंग जिथे राहील तेवढा सॅग. १७० ला रिंग ९ मिलिमीटरवर. हवा थोडी थोडी सोडत गेलो, मध्ये मध्ये सीट दाबून शॉक खालीवर करत, नाहीतर आतल्या दोन कप्प्यांमधली हवा सारखी होत नाही. १५० ला ११. १३० ला १३.

त्याचा जो हात खांद्यावर होता तो उजवाच होता. मी म्हणालो, "त्या दिवशी तुझं खरं होतं. मी ऐकायला हवं होतं."

"हलू नका अब्बू," तो म्हणाला, "रिंग सरकेल."

११५ ला बरोबर १५ झाले.

राहिला लाल नॉब. दबलेला शॉक किती वेगाने परत वर यायचा, ते त्याने ठरतं. एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. नॉब पूर्ण सशाकडे होता. कुणी फिरवला विचारलं, तर मुलाने मान खाली घातली. ससा म्हणजे फास्ट, आणि फास्ट म्हणजे चांगलं, असं वाटून त्यानेच फिरवला होता. जास्त हवा आणि वर ससा. मागचं चाक त्याला फेकणार नाही तर काय करणार? पहिलीपासून ससा आणि कासवाची गोष्ट ऐकवतोय मी या पोराला. पण तेव्हा मी ओरडलो नाही.

कासवाच्या टोकापासून दहा क्लिक होते. मधोमध पाचवर ठेवून तो सोसायटीच्या फुटपाथवरून बसल्या बसल्या खाली उतरला. मागचा भाग दबून एकदाच वर यायला आणि स्थिर व्हायला हवा. पाचला फार आळसावल्यासारखा येत होता. हवा कमी म्हणजे वर ढकलण्याचा जोरही कमी, म्हणून हलक्या माणसाला नॉब थोडा सशाकडेच लागतो. सातवर जमलं. अब्बा खुर्चीवरून बघत होते. "अब बैठी," म्हणाले. सगळं मी वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट. बी.एड.ला व्यक्तिभेदावर मी पान पान उत्तरं लिहिली होती, त्याच अक्षरात.

पुढच्या रविवारी मी स्कूटरवर त्याच्या मागे गेलो. त्याच्या अम्मीला मी बाजारात जातो म्हणून सांगितलं होतं, हे तिने वाचलं तर वाचलं. त्या दगडापाशी खाली उभा राहिलो. तो वर थांबला, दांड्यावरची रिंग वर सरकवली, पुन्हा सीटवर बसला. मला तोंडातल्या तोंडात जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या म्हणून झाल्या.

तो आला, उतरला, वीसेक फूट पुढे जाऊन थांबला. मी धावत गेलो आणि वाकून रिंग बघितली. ५० पैकी ४१.