रुग्ण, वाहक आणि आजारीपण

इंग्रजीत ‘डिसीज’, ‘इलनेस’ आणि ‘सिकनेस’ हे तीन शब्द जवळचे वाटतात. अभ्यासक मात्र त्यांत भेद करतात. डॉक्टरांनी तपासून ठरविलेला तो डिसीज, रुग्णाने स्वतः सोसलेले ते इलनेस, आणि समाजाने माथी मारलेले आजारीपण म्हणजे सिकनेस.

भंडारा जिल्ह्यात वाढलेल्या आम्हा माजी विद्यार्थ्यांना या भेदाचे उदाहरण घराशेजारीच सापडते. ते म्हणजे सिकलसेल. यातील ‘सिकल’चा ‘सिक’शी काही संबंध नाही, सिकल म्हणजे विळा. प्राणवायू कमी पडला की रक्तातील तांबड्या पेशी आपल्या धानकापणीच्या विळ्याचा आकार घेतात.

आई व वडील, दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मूल रुग्ण होते; एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक असते. वाहकाला सहसा त्रास नसतो. त्याला ना डिसीज, ना इलनेस. तरीही सोयरीक जुळविताना आजारीपणाचा शिक्का बसतो, आणि तो बहुधा मुलीवर. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. दुसऱ्याचे रक्त निर्दोष असल्यास मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही.

पालीत रुग्णाला ‘गिलान’ आणि त्याच्या शुश्रूषकाला ‘गिलानुपट्ठाक’ म्हणतात. विनयपिटकात अशा शुश्रूषकाचे गुण सांगितले आहेत. पालकहो, विवाहापूर्वी मुलगा व मुलगी दोघांचीही रक्ततपासणी करावी, आणि वाहकाला वाहकच म्हणावे, एवढीच आमची विनंती.