हुलग्याची शाळा

बारामतीला माझी धाकटी नणंद असते. गेल्या पौषात तिच्याकडे हुरड्याला गेले, ती पाच वर्षांच्या नातीला घेऊनच. मोरोपंत राहिले ते हेच गाव. पण हल्ली येथे कानांवर आर्या येत नाहीत, येते ती उसाच्या ट्रॅक्टरांची घरघर! इंग्रजी अमदानीत नीरेचा डावा कालवा आला नि हा दुष्काळी मुलूख हळूहळू हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी भिगवणवरून इंदापूर तालुक्यात शिरलो. उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी उभे होते. "आजी, फ्लेमिंगो!" नात ओरडली. मला कोण अभिमान वाटला! पण तो तासभरच टिकला.

वाटेत नणंदेच्या ओळखीच्या ताईंची अंगणवाडी लागली. भिंतीवर सफरचंदाचे नि इग्लूचे चित्र होते. पण पोरे खाली वाकून सुपातले धान्य निवडीत होती. ज्वारी इकडे, बाजरी तिकडे, चिंचोके मोजायला वेगळे. नातीने एक तपकिरी दाणा उचलून विचारले, "हे काय?"

"हुलगं! बैलाला घालत्यात," चार वर्षांचे एक पोर म्हणाले, "आन् आमी माडगं खातो."

मला ताराबाई मोडक नि अनुताई वाघ आठवल्या. 1945 साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केले, तेव्हा माँटेसरीची महागडी साधने खेड्याला कुठून परवडणार? त्यांनी शंखशिंपले, पाने, बिया हाताशी धरल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. सरकारी अंगणवाड्या पुढे 2 ऑक्टोबर 1975 पासून सुरू झाल्या.

येथे सूप घेऊन बसल्या होत्या त्या मदतनीसबाईंच्या सासूबाई. त्यांनी अंगणात वाळूचे गाव मांडले. वेस, पार, देऊळ, घराघरांत चार-चार दाणे. एक पोर तांब्या घेऊन धावले. "आजे, आता धरणाचं पाणी!"

"थांब रं! आधी बी उचला. घर बुडालं तरी बी बुडू द्यायचं न्हाई."

त्यांचे गाव खरोखरच उजनीत गेलेले. धरण 1980 साली पुरे झाले. पळसदेवचे जुने देऊळ अजून उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर दिसते. म्हातारीने निघताना ज्वारीचे नि हुलग्याचे गाडगे तेवढे कडेवर घेतले होते, दुसऱ्या कडेवर मूल.

"आता सगळीकडं ऊस," त्या म्हणाल्या. "हुलगा दुकानातनं आणतो."

निघताना ताई हळूच म्हणाल्या, "यांच्या माघारी हे पोरांना कोण शिकवणार? माझ्या रजिस्टरात याला रकाना नाही हो."

नातीने मूठभर हुलगे पुण्याला आणले. खिडकीत कुंडी मांडून तिने विचारले, "आजी, हे कधी पेरायचे गं?"

साठ वर्षे हुलग्याचे पिठले केले मी, पण सांगता येईना. मुकाट्याने नणंदेला फोन लावला.