एकावर एक थर



वरच्या पोस्टवर राहिलेल्या माणसाला मेणबत्तीचं मोल सांगायला नको. जनरेटर बंद झाला की घरची पत्रं तिच्याच उजेडात लिहायची. प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड तिच्याच ज्योतीवर धरून चिकटवायचं. लंगरमधून निघताना खिशात एक तुकडा असला की बरं वाटायचं. पण ती हाताने कशी बनवतात हे मी शिकलो ते पीस पोस्टिंगमध्ये, बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात, दोन मुलांच्या संगतीत.

साल २०१४. त्या मार्चमध्ये पीण्यापर्यंत मेट्रो नुकतीच धावू लागली होती. माझं काम जलाहळ्ळीच्या बाजूला. क्वार्टर मिळायला अवकाश होता, म्हणून पीण्याला लागून असलेल्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. खाली लेथ, समोर पावडर कोटिंग, पलीकडे कपड्यांचा कारखाना. रविवारीच काय ती शांतता.

थोरली दहा वर्षांची, धाकटा सात वर्षांचा. धाकट्याचा जन्म झाला तेव्हा मी फील्डमध्ये होतो. जवानाची वार्षिक रजा साठ दिवस, वर तीस दिवस कॅज्युअल, आणि तीही मिळेल तशी तुकड्यांनी. पोराने मला पाहिलं ते एवढंच. आता मी रोज संध्याकाळी घरी येत होतो, तरी काही हवं असलं की तो आईच्या पदराआडून म्हणायचा, ‘‘आई, पप्पांना विचार ना.’’ मी समोर बसलेला असायचो. फौजी वाचकांना हे ओळखीचं असेल.

पावसाळ्यात एका शनिवारी रात्री वीज गेली आणि घरातली शेवटची मेणबत्तीही संपली. वास्तविक हे विजेच्या बाबतीत जुनं शहर. शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून १९०२ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली आणि १९०५ साली बेंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. पण आमच्या गल्लीत त्या रात्री काळोखच होता. थोरलीने विचारलं, ‘‘घरी नाही का करता येत मेणबत्ती?’’

आमच्या शेजारी बेळगावकडचे एक काका राहायचे. प्लेटिंगच्या कारखान्यात त्यांची बरीच वर्षं गेलेली. परमुलखात मराठी बोलणारा शेजारी म्हणजे अर्धा नातेवाईकच. दुसऱ्या दिवशी त्यांनीच पॅराफिन मेणाच्या लाद्या आणि जाड सुती दोरा आणून दिला.

रीत सोपी आहे. मेण थेट आचेवर कधीच ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात उंच डबा आणि डब्यात मेण. साधारण साठ अंशांना ते वितळतं, सत्तरच्या आसपास ठेवलं की बुडवायला योग्य. मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं. म्हणून गॅसजवळ मी आणि सौ., मुलं टेबलाच्या पलीकडे, आणि डबा उतरवून टेबलावर आणल्यावरच त्यांची पाळी.

एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना एकेक लोखंडी नट बांधला. पीण्यात नट रस्त्यावरही सापडतो. मधला भाग काठीवर टाकला की दोन वाती शेजारी लोंबतात. पहिल्यांदा दोरा मेणात नीट मुरू द्यायचा आणि ताणून सरळ करायचा. त्यानंतर मात्र बुडवायचं आणि लगेच काढायचं. दोन-तीन मिनिटं गार होऊ द्यायचं, मग पुन्हा.

धाकट्याला घाई. लवकर जाड व्हावी म्हणून त्याने काठी डब्यावर तशीच धरून ठेवली. वर काढली तर आधीचे चार थर वितळून गेलेले, नुसता दोरा. त्याचे डोळे भरून आले. काका त्याच्या शेजारी बसले. म्हणाले, ‘‘आमच्या टाकीतसुद्धा असंच बघ. जॉब किती वेळ आत ठेवायचा ते ठरलेलं असतं. इथं तर आत कमी, बाहेर जास्त. थर धरतो तो बाहेरच.’’

काका पोराला सांगत होते, पण ऐकत मी होतो. सुट्टीवर आलेला फौजी सगळी उणीव त्या दिवसांतच भरून काढायला बघतो. खेळणी, फिरणं, उपदेश, लाड, सगळं एकदम. मुलांचा मात्र आपला वेग असतो. त्या दुपारी मी धाकट्याला काहीच शिकवलं नाही. फक्त काठीचं दुसरं टोक धरलं आणि त्याच्याबरोबर अंक मोजले. आठव्या-नवव्या थरानंतर मेणबत्ती बोटात धरता येईल अशी झाली. डब्यातलं मेण खाली गेलं तेव्हा काकांनी त्यात गरम पाणी ओतायला सांगितलं. मेण पाण्यावर तरंगतं, त्यामुळे पातळी वर आली. मधे एकदा गरम असतानाच ती पाटावर हलके लाटून सरळ केली आणि खालचे नट कापून काढले. थोरलीला त्यात रंगीत खडू वितळवायचा होता, पण तो रंग वातीत अडकतो आणि ज्योत नीट जळत नाही. तिला ते फारसं पटलं नाही.

विसाव्या थरानंतर धाकटा माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘‘पप्पा, नीट धरा ना.’’

सौ.ने स्वयंपाकघरातून वळून पाहिलं. मी नीट धरलं.

तिसाव्या थराला थांबलो. रात्री त्यांना एक गंमत दाखवली. मायकेल फॅराडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी निव्वळ मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती, त्यांतली ही. मेणबत्ती विझवली की वातीतून पांढरा धूर निघतो. ती मेणाची वाफ. काडी वातीला न लावता त्या धुरालाच लावायची. ज्योत धुरावरून उतरते आणि वात पुन्हा पेटते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ, वात ते मेण वर आणून देते. धाकट्याने अर्धी काडीपेटी माझ्याकडून संपवून घेतली.

नंतर पुन्हा ऑर्डर आली, पुन्हा फील्ड. उरलेल्या मेणबत्त्या मुलांनी दोरा न कापता खिळ्याला जोडीने टांगून ठेवल्या होत्या. परीक्षेच्या दिवसांत गल्लीतली वीज गेली, तेव्हा सौ.चा फोन आला. बोलणं चालू असतानाच धाकट्याने तिच्या हातातून फोन घेतला.

‘‘पप्पा, मी विझवली आणि धुरावरून परत पेटवायला सांगितली आईला. पहिल्याच काडीत पेटली!’’

पुढे बराच वेळ तोच बोलत होता.

जय हिंद.